नाकावर आलेले कपाळ

माझ्या डाव्या नाकपुडीवर आज जी त्वचा आहे, ती मुळात माझ्या कपाळाची आहे. नाकाच्या शेंड्यापासून गालाच्या कडेपर्यंत गेलेली एक वळणदार रेघ, भुवईच्या आतल्या टोकापासून केसांपर्यंत चढलेली दुसरी उभी रेघ, आणि नाकावर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किंचित जाड व किंचित गडद असा एक तुकडा, असा माझा चेहरा गेल्या काही वर्षांपासून आहे. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर मला तो मिळाला. गाठ गेली याचे समाधान मोठे आहे आणि ते रोज वाटते. परंतु गाठ गेल्यानंतर बदललेला चेहरा घेऊन जगण्याचे जे काम उरते, त्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी कृषी विभागात नोकरी करते. नागपुरात राहून काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतील संत्र्याच्या बागांमध्ये जाणे, झाडे पाहणे, शेतकऱ्यांशी बोलणे, हेच माझे अनेक वर्षांचे काम. या उन्हातल्या नोकरीमुळेच हे झाले का, असे मला पुष्कळांनी विचारले. सूर्याची अतिनील किरणे हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते हे खरे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या किरणांपासून बरेच संरक्षण देते आणि म्हणूनच गोऱ्या लोकांच्या देशांत अतिशय सर्रास आढळणारा हा कर्करोग आपल्याकडे कमी दिसतो, हेही खरे. पण कमी दिसतो म्हणजे होतच नाही असे नाही. शिवाय आपल्या त्वचेत तो बहुधा काळा असतो आणि तिळासारखा दिसतो. माझाही तसाच होता. काळसर ठिपका, चकचकीत कडा, मधोमध खपली. ती खपली निघे, रक्ताचा थेंब येई, जागा भरल्यासारखी होई आणि पुन्हा खपली धरे. धंतोलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, लावून तो पाहिला, छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला, आणि अहवालात ‘बेसल सेल कार्सिनोमा’ हे शब्द आले. हा कर्करोग सावकाश वाढतो आणि शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही. मात्र जिथे असतो तिथे तो आजूबाजूला व खोलवर पोखरत जातो. पाठीवर किंवा दंडावर ओढून घ्यायला त्वचा असते. नाकावर ती नसते.

शस्त्रक्रियेआधी माझ्या प्लास्टिक सर्जनांनी एक गोष्ट केली आणि तिचे मोल मला पुढे दिवसेंदिवस कळत गेले. त्यांनी त्यांच्या जुन्या रुग्णांची, त्यांची परवानगी घेतलेली, छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली: शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवसाचे, तिसऱ्या आठवड्याचे, सहा महिन्यांनंतरचे, दीड वर्षानंतरचे. शेवटचे चित्र दाखवून धीर देणे सोपे होते, पण मधल्या चित्रांवर त्यांनी घाई केली नाही. “ताई, आधी हे असं दिसेल, आणि हे बघायला तुम्हाला त्रास होईल,” असे ते स्पष्ट म्हणाले. माझे पती खाली बघत होते. मी मात्र प्रत्येक चित्र पूर्ण पाहिले. पुढे आरशात जे दिसले, ते मला अनोळखी नव्हते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया होणार असलेल्या प्रत्येकाने अशी चित्रे आपण होऊन मागावीत, असे माझे ठाम मत आहे.

गाठ काढताना दिसणाऱ्या काळ्या भागाभोवतीची काही मिलिमीटर निरोगी त्वचाही काढावी लागते, कारण रोगाच्या पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेल्या असू शकतात. मी टेबलावर असतानाच कडांचे तुकडे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि कडा स्वच्छ असल्याचा निरोप आल्यावरच नाक भरण्याचे काम सुरू झाले. नाकपुडी आत दबू नये म्हणून कानातली कूर्चेची, म्हणजे लवचिक मऊ हाडाची, एक पट्टी घेतली, आणि वरून कपाळाची त्वचा आणली. कपाळच का, तर त्याचा रंग आणि जाडी नाकाला सर्वांत जवळची असते, आणि भुवईच्या आतल्या टोकापाशी वर जाणारी एक रक्तवाहिनी त्या त्वचेला रक्त पुरवते. ती त्वचा एकदम तोडून लावत नाहीत. तिचा देठ भुवईपाशी जोडलेलाच ठेवतात, तुकडा फिरवून खाली नाकावर शिवतात आणि नाकाकडून त्याला रक्त मिळू लागेपर्यंत, साधारण तीन आठवडे, थांबून मग देठ कापतात. हे समजावून सांगताना डॉक्टर शब्द शोधत होते, पण मला ते लगेच उमगले. आंब्याचे भेट कलम असेच असते: मातृवृक्षाची फांदी न तोडता खुंटाला बांधायची, सांधा जुळू द्यायचा, आणि जुळला की मगच तिला आईपासून वेगळे करायचे. माझे काम झाडांचे असल्यामुळे असेल, पण या विचाराने माझी भीती निम्मी झाली.

ही पद्धत आपल्या मातीतली आहे, हे मला त्याच सुमारास कळले. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक जोडण्याचे वर्णन आहेच. पण कपाळाच्या त्वचेची पद्धत जगापुढे गेली ती पुण्याजवळून. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली आणून त्याला नवे नाक करून दिले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये याची हकिकत चित्रासह छापून आली, ती वाचून जोसेफ कार्पू या सर्जनने 1814 मध्ये तिथे तशी शस्त्रक्रिया केली, आणि मग ती युरोपभर गेली. कावसजीच्या कपाळावरही व्रण राहिलाच असणार. गावी परतल्यावर लोक त्याच्याकडे कसे पाहत असतील, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

देठाचे ते तीन आठवडे मी घरातच काढले. भुवईपासून नाकापर्यंत बोटाएवढ्या जाडीचा मांसल देठ चेहऱ्यावरून उतरत होता आणि त्याची मागची बाजू उघडी, ओली असे. सुरुवातीला तिच्यातून रक्त पाझरत असे. माझी मुलगी रोज सकाळी मेण लावलेली जाळीची पट्टी बदलत असे. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते, पुढे मात्र ती हे काम इतके सहज करू लागली की बोलता बोलता पट्टी बदलून होई. त्या दिवसांतल्या दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. पहिली चष्म्याची. देठ मध्ये असल्यामुळे चष्मा नाकावर टेकवताच येत नाही, आणि चष्म्याविना मला अक्षर दिसत नाही; त्यामुळे वाचन बंद पडले आणि पेपर मुलगी वाचून दाखवू लागली. दुसरी गोष्ट विलक्षण होती. नाकावर पाण्याचा थेंब पडला की तो कपाळावर पडल्याचे जाणवे. मज्जातंतू अजून कपाळाचेच होते, त्यामुळे नाकाला झालेला स्पर्श मेंदूला कपाळावरचा वाटे. मी डोळे मिटून बसत असे, मुलगी नाकावर कापूस टेकवी आणि मी कपाळाकडे बोट दाखवी. आम्ही दोघी यावर खूप हसलो, आणि त्या आठवड्यांत हसू येणे किती गरजेचे होते, हे आम्हा दोघींनाच ठाऊक.

देठ कापला गेला तेव्हा फाल्गुन संपत आला होता, आणि पुढे नागपूरचा उन्हाळा लागला. इथल्या उन्हाळ्यात दुचाकीवरची प्रत्येक स्त्री डोके, कपाळ, नाक, तोंड स्कार्फने पूर्ण गुंडाळून, वर गॉगल लावून निघते. सीताबर्डीच्या सिग्नलवर भर दुपारी उभे राहिले तर एकही चेहरा दिसत नाही. जखम पूर्ण भरल्यावर मीही मऊ सुती स्कार्फ सैलसा बांधून बाहेर पडू लागले. ते दोन-तीन महिने मला सोपे गेले. भाजी आणली, बँकेत गेले, रामदासपेठेत तपासणीला गेले; कोणी वळून पाहिले नाही, कारण पाहण्यासारखे काही दिसतच नव्हते. मी बरी झाले, असे मला वाटू लागले होते. मग मृगाचा पाऊस आला, शहरभरचे स्कार्फ उतरले, आणि माझ्या लक्षात आले की चेहऱ्यासह जगणे आता सुरू होते आहे.

लोकांची नजर आधी नाकावर येते, तिथून कपाळावर जाते, आणि मग झटकन दुसरीकडे वळते. तो शेवटचा झटका सर्वांत जास्त लागतो. मेट्रोत समोर बसलेले लहान मूल टक लावून पाहते, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण ते मूल पाहून होईपर्यंत पाहते आणि मग खिडकीबाहेर बघू लागते. मोठी माणसे पाहतात आणि पाहिले नाही असे दाखवतात. कोणी अपघाताचे विचारतात. ‘कर्करोग’ म्हटल्यावर काही जणी नकळत किंचित मागे सरकल्याचेही मी पाहिले आहे, जणू तो लागणारा रोग आहे. तो लागत नाही, हे अजूनही सांगावे लागते. आणि एक वाक्य तर मी असंख्य वेळा ऐकले आहे: “जीव वाचला ना, मग चेहऱ्याचं काय एवढं, आणि या वयात!” बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते. तरीही या वाक्याने माणूस एकटा पडतो. जीव वाचला हे खरे आहे आणि माझा पन्नास वर्षांचा ओळखीचा चेहरा गेला हेही खरे आहे. पहिल्याबद्दल कृतज्ञ असताना दुसऱ्याबद्दल दुःख करण्याचा अधिकार रुग्णाला असला पाहिजे. तो मला माझ्या घरात मिळाला. माझे पती एकदाच म्हणाले होते, “तुला रडायचं असेल तर रड, मी समजूत घालणार नाही,” आणि त्या दिवशी मी मनसोक्त रडले.

बाईच्या चेहऱ्यावर नाक आणि कपाळ या जागा किती सामाजिक आहेत, ते त्या जागांवर व्रण आल्यावर कळते. माझ्या नाकाचे टोचलेले छिद्र गाठीबरोबरच गेले. पुतणीच्या लग्नात जाऊबाईंनी आठवणीने चापाची नथ आणली. लावून पाहिली, पण नव्या त्वचेला पुरती जाणीव नव्हती, चाप किती घट्ट बसला आहे हे मला कळेना, आणि त्या त्वचेवर दाब नको हे डॉक्टरांनी बजावलेले होते. मी नथीशिवाय लग्नात वावरले. कुंकवाची गोष्ट याहून नाजूक होती. उभी रेघ जिथून सुरू होते, तिथेच कुंकवाची जागा आहे. पहिले काही महिने व्रणावर कुंकू लावायचे नव्हते, त्यामुळे मी लावत नव्हते, आणि मोकळ्या कपाळाकडे पाहून लोक काय समजत असतील याचा मला नको इतका विचार करावा लागला. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले तेव्हा माझ्यापाशी आल्यावर बायकांचे बोट थबकत होते. कुणी व्रण टाळून बाजूला लावले, कुणी हवेतल्या हवेत लावल्यासारखे केले. शेजारच्या आजींनी मात्र करंडा हातात धरून सरळ विचारले, “दुखतं का गं? कुठे लावू?” मी म्हटले, “आता दुखत नाही, नेहमीच्याच जागी लावा.” त्यांनी लावले आणि तिळगूळ दिला.

व्रणाची निगा हे खरोखरच एक काम आहे. व्रण वर्षभर, कधी दीड वर्षभरही बदलत राहतो. आधी लाल, कडक, फुगलेला असतो, आणि मग हळूहळू फिका व मऊ होतो. मला सुरुवातीला सिलिकॉनची पट्टी दिली होती, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये ती कूलरसमोर बसूनही घामाने सुटत असे आणि खाली घामोळे येई. म्हणून ती सोडून सिलिकॉनचे जेल घेतले. दिवसातून काही वेळा बोटाच्या पेराने दाबून मालिश करायची, नुसते वरवर चोळायचे नाही, त्वचा खालच्या थरावर हलली पाहिजे. नाकावरचा तुकडा काही महिन्यांनी गादी भरल्यासारखा फुगला. त्या त्वचेत असे होते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते. त्यावर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने झाली, आणि ती दुखतात हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे एका छोट्या शस्त्रक्रियेत तुकडा आतून पातळ केला. त्यानंतर लेसरचा पर्याय समोर आला, पण मी थांबले. सुधारणा अजून होऊ शकली असती, परंतु मला चेहऱ्यावरचे काम संपलेले हवे होते, आणि हा निर्णय डॉक्टरांनीही मोकळेपणाने मान्य केला.

उन्हाचे पथ्य मात्र कायमचे आहे. आपल्या त्वचेत ऊन लागलेला व्रण काळा पडतो आणि तो काळेपणा सहज जात नाही. शिवाय एकदा हा कर्करोग झालेल्या माणसाला दुसरीकडे नवा होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. तीसच्या वर एसपीएफ असलेले सनस्क्रीन, तेही रंग असलेले, घराबाहेर असताना दर दोन तासांनी लावणे, रुंद काठाची टोपी आणि स्कार्फ, हे माझे बाराही महिन्यांचे आहे. इथे मी स्वतःशी एक हिशेब पक्का केला आहे. ऊन असेल तर चेहरा झाकायचा. ऊन नसेल, छताखाली असेन, संध्याकाळ झाली असेल, तर स्कार्फ सोडून पिशवीत ठेवायचा, समोर कोणीही असो. सुरुवातीला कार्यालयाच्या पायऱ्यांवर स्कार्फची गाठ सोडताना हात जड होत असे. तिथे हजेरीच्या यंत्राने तर टेप लावलेला माझा चेहरा ओळखलाच नाही. संगणक विभागातल्या मुलाने नव्याने नोंदणी करून देताना “मॅडम, जरा सरळ बघा” एवढेच म्हटले, आणि मी सरळ बघितले.

बागांमध्ये परत गेले तेव्हा सर्वांत हलके वाटले. काटोलकडच्या एका शेतकऱ्याने मला पाहताच विचारले, “मॅडम, नाकाले काय झालं?” मी सांगितले, कॅन्सर होता, काढून टाकला, कपाळाची कातडी लावली. त्यांनी जवळ येऊन नीट पाहिले. “निघाला न पुरा?” मी हो म्हटले. “मंग झालं. हे पाहा, या झाडाच्या बुडाले डिंक येऊन राह्यला.” आणि आम्ही दोघे डिंक्या पाहायला वाकलो. मला हवे असते ते एवढेच: विचारायचे असेल तर विचारावे, उत्तर ऐकावे, पाहायचे ते पाहून घ्यावे, आणि मग कामाचे बोलावे.

दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जाते. डॉक्टर नाक पाहतात, गळ्याला कुठे गाठ तर नाही ना हे चाचपतात, मग चेहरा, कान, मान, हात भिंगाखाली पाहतात. गेल्या वर्षी कानशिलावरचा एक डाग काढून तपासला, तो साधा निघाला. अधूनमधून माझे सर्जन शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णांना भेटण्याची मला विनंती करतात आणि मी आवर्जून जाते, कारण छायाचित्र दाखवते त्यापेक्षा समोर बसलेला, बोलणारा, हलणारा चेहरा अधिक सांगतो. मागच्या खेपेस नरखेड तालुक्यातील एक शेतकरी पत्नीसह आले होते. त्यांनी माझ्या नाकाला हात लावून पाहू का असे विचारले, आणि मी लावू दिला. दुखते का, किती दिवस दुखते, जेवता येते का, चष्मा कसा लावायचा, हे सारे त्यांनी विचारले. मी त्यांना खर्रा सोडण्याविषयी पुन्हा सांगितले, कारण तंबाखूतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेल्या त्वचेला रक्त कमी पडू शकते. डॉक्टरांनी सांगितले होते तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती, माझ्याकडे मात्र त्यांनी कारण नीट विचारून घेतले. त्यांच्या पत्नीचा प्रश्न वेगळा होता. एप्रिलमध्ये आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरताना फुललेल्या, संत्र्याच्या झाडांना पाणी द्यावे लागते, तेव्हा यांना बागेत जाता येईल का? मी म्हटले, जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर जाऊ द्या, पण सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, टोपी आणि दुपट्टा दोन्ही घेऊन. मधल्या वेळेचे पाणी मुलाने पाहावे.